मानवतावादी रोख साहाय्यातील पाणी व स्वच्छतेचे मापन

मानवतावादी रोख साहाय्यातील पाणी व स्वच्छतेचे मापन म्हणजे आपत्तीनंतर किंवा संकटकाळात कुटुंबांना वस्तूंऐवजी रोख रक्कम दिल्यावर त्यांना पुरेसे व सुरक्षित पाणी, वापरण्याजोगे शौचालय आणि हात धुण्याची सोय प्रत्यक्षात मिळाली की नाही, हे ठरवण्याची पद्धत होय. धान्य, चादरी किंवा पाण्याचे टँकर वाटले असता निदान किती वाटप झाले हे मोजता येते. रोख रक्कम मात्र घरात गेल्यावर कुटुंबाच्या इतर पैशांत मिसळून जाते. तिचा कोणता भाग पाण्यावर खर्च झाला आणि त्या खर्चाने काय साधले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मापनातील बहुतेक अडचणी या दोहोंची गल्लत झाल्याने उद्भवतात.

या लेखात या विषयाचा विचार प्रामुख्याने मुंबई उपनगर जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुर्ला, गोवंडी या भागांत एकाच नगरपालिकेच्या क्षेत्रात, अनेकदा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, पाणी मिळण्याच्या अत्यंत भिन्न व्यवस्था आढळतात. त्यामुळे तेवढ्याच रकमेचे मोल प्रत्येक वस्तीत वेगळे ठरते.

संकल्पना

रोख साहाय्य विनाअट किंवा अटीसह, तसेच मुक्त वापराचे किंवा ठरावीक वस्तूंपुरते मर्यादित असू शकते. मर्यादित साहाय्य बहुधा कूपनच्या रूपाने दिले जाते. पाण्याच्या टँकरचे कूपन हे त्याचे परिचित उदाहरण. कोणत्याही एका गरजेशी न बांधलेल्या विनाअट रकमेस बहुउद्देशीय रोख साहाय्य म्हणतात. ही रक्कम ठरवताना कुटुंबाच्या किमान गरजांचा मासिक खर्च काढला जातो. त्यात अन्न, घरभाडे, औषधे यांच्याबरोबर पाणी, साबण, मासिक पाळीतील पॅड, पाणी साठवण्याची भांडी आणि शौचालयाचे शुल्क धरले जाते.

२०१६ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत देणगीदार देश आणि साहाय्य संस्था यांच्यात ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार झाला. रोख साहाय्याचा वापर वाढवणे हे त्यातील एक वचन होते. त्यानंतर या साहाय्याचे परिणाम समान रीतीने मोजता यावेत म्हणून निर्देशकांचा संच तयार करण्यात आला आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात असे निर्देशक आधीपासून रुळलेले होते. पाणी व स्वच्छतेच्या क्षेत्रात ते रुळायला अधिक वेळ लागला, कारण नळ, वाहिनी, मलकुंड, सांडपाण्याची गटारे या गोष्टी कुटुंबाला बाजारातून विकत घेता येत नाहीत. पैशाने बादली घेता येते. बादलीत येणारे पाणी दुसऱ्याच कोणाच्या निर्णयावर अवलंबून असते.

मापनासाठी दोन आंतरराष्ट्रीय चौकटी प्रामुख्याने वापरल्या जातात. पहिली ‘स्फिअर’ मानकांची. तिच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार प्रत्येक व्यक्तीस दररोज किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसे, घरापासून ५०० मीटरच्या आत पाणी, रांगेत ३० मिनिटांपेक्षा कमी वेळ, आणि सामायिक शौचालयाच्या एका बैठकीमागे २० माणसे (संकटाच्या पहिल्या टप्प्यात ५०) अशी उद्दिष्टे आहेत. दुसरी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त संनियंत्रण कार्यक्रमाची ‘शिडी’. तीत पाण्याच्या सोयीची सुरक्षित व्यवस्थापित, मूलभूत, मर्यादित, असुधारित अशी उतरती प्रतवारी केलेली असते आणि तिच्या तळाशी नदी-तलावाचे उघडे पाणी असते. पाणी सुधारित स्रोतातून आणि रांगेसह जाऊन-येऊन ३० मिनिटांच्या आत मिळत असेल तर ती सोय मूलभूत. अधिक वेळ लागत असेल तर मर्यादित.

मुंबई उपनगरातील पाणी

मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. महसुली कारभार जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर पाणी, मलनिःसारण व सार्वजनिक शौचालये बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहेत. आपत्तीतील मदत पहिल्या यंत्रणेकडून येते आणि तिचा परिणाम दुसऱ्या यंत्रणेच्या हाती असतो, ही गोष्ट मापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

शहराला तानसा, मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून पाणी मिळते. यांपैकी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन उपनगरातच, बोरिवली-पवई परिसरातील वनक्षेत्रात आहेत. बहुतांश पाण्यावर भांडुप येथील संकुलात प्रक्रिया होते. पुरवठा दिवसातून काही तासच होतो. महापालिकेचे नियोजन इमारतींसाठी दरडोई १३५ लिटर आणि झोपडपट्ट्यांसाठी ४५ लिटर अशा दोन मापांवर चालत आले आहे. म्हणजेच साहाय्य संस्थेचा सर्वेक्षक वस्तीत पोचण्याआधीच तिच्यासाठी कमी माप ठरलेले असते.

झोपडपट्टीत नळजोडणी एका घराला न देता कुटुंबांच्या गटाला दिली जाते. गटाचा एक प्रमुख देयक भरतो आणि इतरांकडून पैसे गोळा करतो. जोडणीसाठी वस्तीची वैधता दीर्घकाळ निर्णायक होती. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी देऊ नये, असे राज्य शासनाचे १९९६ चे परिपत्रक होते. ‘पाणी हक्क समिती’ने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने १५ डिसेंबर २०१४ रोजी आदेश दिला. पाण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असून बांधकाम बेकायदा आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, असे त्यात म्हटले होते. अशा वस्त्यांना इतरांच्या बरोबरीने पाणी द्यावे असे मात्र न्यायालयाने सांगितले नाही. वेगळा दर आकारण्यास वाव ठेवला. पुढे मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण जाहीर केले.

जेथे जोडणी नाही तेथे पाणी शेजारच्या जोडणीवरून, मोटर लावलेल्या लांब नळीने, हातगाडीवरील पिंपांतून किंवा टँकरने विकत घेतले जाते. उपनगरातील या व्यवस्थेवर दोन अभ्यास सुपरिचित आहेत. लिसा ब्यॉर्कमन यांनी गोवंडीतील शिवाजीनगर-बैंगनवाडी परिसरावर (२०१५) आणि निखिल आनंद यांनी जोगेश्वरीतील वस्त्यांवर (२०१७) पुस्तके लिहिली. कोणत्या वाहिनीत, केव्हा, किती दाबाने पाणी आहे हे पालिकेच्या अभियंत्यांनाही निश्चितपणे ठाऊक नसते, हे ब्यॉर्कमन यांनी दाखवून दिले. मापन करणाऱ्याने हे आरंभीच लक्षात घेतलेले बरे: पुरवठा करणाऱ्याकडेच खात्रीचा आकडा नसेल, तर घराघरांतून घेतलेली नोंद हीच प्रमुख साधनसामग्री उरते.

रोख मदतीचे प्रसंग

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदीकाठचा कुर्ला, कलिना, साकीनाका हा परिसर पाण्याखाली गेला आणि साकीनाका येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. १८ जुलै २०२१ च्या पावसात चेंबूरच्या भारतनगर आणि विक्रोळीच्या सूर्यनगर येथे दरडी कोसळल्या आणि त्याच रात्री भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल पाण्याखाली गेल्याने शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा थांबला. पाणी उकळून पिण्याचे आवाहन महापालिकेस करावे लागले. घरात रोख रक्कम असूनही नळाला पाणी नाही, ही स्थिती त्या दिवशी झोपडपट्टी व इमारत या दोन्ही ठिकाणी सारखीच होती.

राज्यात पूरग्रस्तांना दिली जाणारी रोख मदत ‘सानुग्रह अनुदान’ म्हणून ओळखली जाते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत कपडे आणि भांडी-घरगुती साहित्य यांसाठी ठरावीक रक्कम असते. २०१५ ते २०२० च्या निकषांत ती अनुक्रमे १,८०० आणि २,००० रुपये होती. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतर राज्य शासनाने ग्रामीण कुटुंबास १०,००० आणि शहरी कुटुंबास १५,००० रुपये देण्याचे ठरवले. त्यातील ५,००० रोख हातात आणि उर्वरित रक्कम बँक खात्यात. त्याच वेळी घर दोन दिवस पाण्यात असण्याच्या अटीवरून बरीच टीका झाली. उपनगराच्या दृष्टीने ही अट विशेषच गैरलागू आहे. येथे भरती ओसरली की पाणी अनेकदा काही तासांत उतरते. पण तेवढ्यात पिण्याच्या पाण्याच्या टाकीत गटाराचे पाणी शिरलेले असते.

करोना साथीच्या काळात रोख साहाय्याचा वेगळा प्रकार दिसला. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत केंद्र शासनाने महिलांच्या जन-धन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा केले. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालक व अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. ही मदत पाण्यासाठी नव्हती. परंतु वारंवार हात धुवा असा सल्ला त्याच काळात त्याच घरांना दिला जात होता आणि त्या सल्ल्याचे पाणी याच रकमेतून यायचे होते.

जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. त्यांपैकी दहिसरचा आर-उत्तर आणि चेंबूरचा एम-पश्चिम हे उपनगरातील होते. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. सामायिक शौचालये व पाणवठे यांसारख्या सोयी हे या तफावतीचे संभाव्य कारण म्हणून पुढे आले.

खर्च हा परिणाम नव्हे

रोख साहाय्यानंतरच्या पाहणीत सर्वांत सोपा प्रश्न ‘मिळालेल्या रकमेतून पाण्यावर किती खर्च केला?’ हा असतो. उत्तर रुपयांत येते, बेरीज करता येते, अहवालात शोभून दिसते. परंतु मुंबईच्या उपनगरांत हा आकडा उलट्या दिशेने बोलतो. अधिकृत जोडणी असलेले घर सर्वांत कमी पैसे देते आणि सर्वांत जास्त पाणी वापरते. जोडणी नसलेले घर सर्वांत जास्त पैसे देऊन सर्वांत कमी पाणी मिळवते. ‘पाण्यावरील खर्च वाढला’ हे यश म्हणून नोंदवल्यास पाणीविक्रेत्याने दर वाढवला तरी कार्यक्रम यशस्वी ठरेल.

यासंबंधीचे तपशीलवार मोजमाप मुंबई शहर जिल्ह्यात, पूर्व किनाऱ्यावरील कौला बंदर या वस्तीत झाले आहे. ‘पुकार’ संस्थेच्या सहकार्याने रामनाथ सुब्बरामन व सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही वस्ती उपनगरात नाही. तथापि विनाजोडणी वस्तीची पाणीव्यवस्था उपनगरातही याच धर्तीची असल्याने ते आकडे येथे उपयोगी पडतात. त्या वेळी पालिकेचा दर हजार लिटरला २.२५ रुपये होता आणि रहिवासी त्याच्या ५२ ते २०६ पट रक्कम मोजत होते. तरीही काही ऋतूंत ९५ टक्के कुटुंबांचा वापर दरडोई ५० लिटरपेक्षा कमी होता आणि काही कुटुंबांचा २० लिटरपेक्षाही कमी.

या दरांवरून हिशेब मांडता येतो. पाच माणसांच्या कुटुंबाला स्फिअरच्या किमान १५ लिटरप्रमाणे महिन्याला २,२५० लिटर पाणी लागते. पालिकेच्या त्या वेळच्या दराने त्याची किंमत सुमारे ५ रुपये होते. ५२ पट दराने ती सुमारे २६३ रुपये आणि २०६ पट दराने सुमारे १,०४३ रुपये. दरडोई ५० लिटर धरल्यास महिन्याला ७,५०० लिटर लागतील. पालिकेच्या दराने १७ रुपये, विकतच्या दराने ८७८ ते ३,४७६ रुपये. दर जुने आहेत आणि ५०० रुपयांची जन-धन मदत नंतरची आहे, हे ध्यानात घेऊनही प्रमाण स्पष्ट होते. एका घरी ५०० रुपयांत महिन्याचे पाणी भरून जवळजवळ सगळी रक्कम शिल्लक राहते. दुसऱ्या घरी ती जगण्यापुरत्या पाण्यालाही पुरत नाही.

स्फिअरच्या मानकांत पिण्याच्या व घरगुती स्वच्छतेच्या पाण्यावरील खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा, असा एक निर्देशक आहे. तो खर्चाला कमाल मर्यादा घालतो, म्हणून वरील चुकीपासून काही अंशी वाचवतो. परंतु तो एकटा वापरला तर नवी गफलत होते. जे कुटुंब पैसे नाहीत म्हणून दोन कळशांवर भागवते, ते या कसोटीला सहज उतरते. शिवाय टाळेबंदीत रोजंदारीचे उत्पन्न शून्यावर आले असता टक्केवारी काढणेच निरर्थक ठरते. म्हणून खर्चाचा निर्देशक नेहमी लिटरच्या निर्देशकासोबत वाचावा लागतो: किती रुपये दिले, त्यात किती लिटर आले, आणि हजार लिटरला काय दर पडला. साहाय्य देण्यापूर्वी व दिल्यानंतर हा दर विक्रेत्यांकडूनही नोंदवला तर रोख रकमेमुळे भाव चढला का, हेही कळते. मोठ्या प्रमाणावर रोख वाटप झालेल्या आणि विक्रेते मोजकेच असलेल्या वस्तीत ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कूपन दिल्याने ही अडचण सुटेल असे वरवर वाटते. मात्र विक्रेत्याचे पाणीच बेकायदा जोडणीतून आलेले असेल, तर कूपन देणारी संस्था त्या व्यवहारास मान्यता देते. रोख रकमेत तो प्रश्न कुटुंबावर सोपवला जातो, एवढाच फरक.

पाण्याचे मापन

दरडोई लिटर काढण्यासाठी ‘काल किती लिटर पाणी वापरले?’ असे विचारून उपयोग होत नाही. घरात पाणी लिटरने मोजत नाहीत. हंडा, कळशी, कॅन आणि पिंप यांनी मोजतात. सर्वेक्षक घरातील भांडी पाहून त्यांची क्षमता नोंदवतो, काल कोणते भांडे किती वेळा भरले ते विचारतो, आणि त्यावरून बेरीज करतो. दोनशे लिटरचे पिंप पूर्ण रिकामे होऊन भरले की अर्धे असताना, हे विचारायला विसरल्यास आकडा दुप्पट होतो. एक दिवसाआड पुरवठा असलेल्या गल्लीत ‘काल’ हा शब्दच फसवा असतो. तेथे पाणी आलेल्या दिवसापासून पुढच्या पाण्यापर्यंतचा काळ धरावा लागतो.

वेळेच्या मोजणीतही स्थानिक वास्तव आड येते. तीस मिनिटांची कसोटी पाणवठ्यापर्यंत चालत जाण्याच्या कल्पनेवर आधारलेली आहे. उपनगरातील टेकडीवरच्या वस्तीत, उदाहरणार्थ घाटकोपर पश्चिमेच्या डोंगरउतारावर, नळ दाराशी असूनही कमी दाबामुळे पाणी चढत नाही. वेळ जातो तो वाट पाहण्यात. पहाटे पाणी येण्याच्या सुमारास घरातील कोणीतरी, बहुधा बाई किंवा मुलगी, जागी असते. हा वेळ चालण्याच्या प्रश्नाने पकडला जात नाही.

गुणवत्तेसाठी नळावरच्या नमुन्याबरोबर घरातील साठवणीतला नमुना घेणे आवश्यक आहे. कौला बंदर येथील अभ्यासात साठवलेल्या पाण्यातील दूषितता स्रोताच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक आढळली. उर्वरित क्लोरीनची तपासणी घटनास्थळी गोळी किंवा थेंब टाकून रंगावरून करता येते. पाणी मिळण्याच्या ठिकाणी ते लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असावे अशी अपेक्षा असते. जिवाणूंच्या चाचणीला मात्र उबवणीसाठी सुमारे एक दिवस लागतो, त्यामुळे सर्व घरांऐवजी काही निवडक घरांतच ती केली जाते. रोख साहाय्याशी याचा थेट संबंध आहे. झाकणाचे व तोटीचे भांडे, गाळणी, क्लोरीनचे द्रावण या गोष्टी कुटुंब खरोखरच विकत घेऊ शकते. पैशाचा परिणाम पाण्याच्या प्रमाणात दिसला नाही तरी येथे दिसू शकतो, आणि अनेक पाहण्या नेमके हेच तपासत नाहीत.

पाण्याच्या चिंतेचे मापन करणारी एक प्रश्नावलीही २०१९ पासून प्रचलित आहे. तीत गेल्या चार आठवड्यांतील अनुभवांविषयी बारा प्रश्न असतात: पाणी पुरेल का याची काळजी वाटली का, पाण्याअभावी कपडे धुता आले नाहीत का, रात्री तहानलेले झोपावे लागले का, इत्यादी. प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण असून एकूण ३६ पैकी १२ किंवा अधिक गुण मिळाल्यास कुटुंब जल-असुरक्षित मानले जाते. लिटर मोजण्यापेक्षा ही पद्धत स्वस्त आहे. तिचा दुसरा लाभ असा की शेजाऱ्याकडे पाणी मागावे लागल्याचा अपमान तिच्यात नोंदवला जातो; लिटरच्या हिशेबात तो कधीच येत नाही.

शौचालयांचे मापन

उपनगरातील बहुसंख्य झोपडपट्ट्यांत घरात शौचालय नाही. सामुदायिक किंवा सार्वजनिक शौचालय वापरले जाते. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या मलनिःसारण प्रकल्पात ‘वस्ती स्वच्छता कार्यक्रम’ सुरू झाला. त्यात रहिवाशांच्या नोंदणीकृत मंडळाने आरंभीची वर्गणी भरावी आणि बांधकामानंतर देखभाल करावी अशी रचना होती. ‘स्पार्क’, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि ‘महिला मिलन’ या संघटनांचा त्यात मोठा वाटा होता. एका बैठकीमागे ५० माणसे हे त्याचे नियोजन होते. स्वच्छ भारत अभियानाने नंतर सामुदायिक शौचालयांसाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक असे प्रमाण ठेवले.

आंतरराष्ट्रीय शिडीवर असे शौचालय कितीही स्वच्छ असले तरी ‘मर्यादित’ याच पायरीवर राहते, कारण ते सामायिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीही सुधारित शौचालय मोजताना सामायिक शौचालय वगळते. परिणामी रोख रक्कम मिळाल्याने उघड्यावर किंवा रुळांच्या कडेला जाणे थांबवून कुटुंब शुल्क भरून स्वच्छ शौचालय वापरू लागले, तर तो बदल ‘मर्यादित’ पायरीपर्यंतच दिसतो. आणि गलिच्छ, दार तुटलेल्या शौचालयातून पाणी व वीज असलेल्या शौचालयात गेले तर काहीच बदल दिसत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत शौचालय बांधायला जागाच नसलेल्या वस्तीसाठी ही प्रतवारी फारच भरड आहे. म्हणून येथे दाराची कडी, पाणी, दिवा, रात्रीची वेळ, रांग आणि मैला उपसण्याची वारंवारता असे तपशील स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात. हे तपशील क्षुल्लक नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये मानखुर्द येथे सामुदायिक शौचालयाचा भाग मलकुंडात कोसळून माणसे दगावली.

शौचालय शुल्क हा रोख साहाय्याचा परिणाम दिसण्याचा थेट मार्ग आहे. समजा एका वापरास २ रुपये शुल्क असेल आणि पाच जण दिवसातून एकदा जात असतील, तर महिन्याला ३०० रुपये होतात. मासिक कौटुंबिक पास असेल तर रक्कम बरीच कमी होते, परंतु ती एकरकमी द्यावी लागते आणि रोजंदारीच्या घरात तीच अडचण असते. रोख मदत हाती आल्यावर किती कुटुंबांनी पास काढला किंवा थकलेला पास नव्याने सुरू केला, हे मंडळाच्या वहीवरून पडताळता येते. कुटुंबाच्या स्मरणावर विसंबावे न लागणाऱ्या मोजक्या निर्देशकांपैकी हा एक आहे.

स्त्रियांचा खर्च वेगळा मोजणे आवश्यक ठरते. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने पुरुषांना लघवीसाठी पैसे द्यावे लागत नाहीत आणि स्त्रियांना मात्र द्यावे लागतात, ही विषमता चव्हाट्यावर आणली. कुटुंबप्रमुखास विचारलेल्या एकत्रित प्रश्नात हा फरक नाहीसा होतो. शुल्क वाचवण्यासाठी दिवसभर कमी पाणी पिणे ही तर कोणत्याच खर्चवहीत न येणारी काटकसर आहे.

नव्या प्रकारच्या सोयींनी मापनात आणखी गुंतागुंत आणली. घाटकोपरच्या आझाद नगरात २०१६ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर व महापालिका यांच्या सहभागातून पहिले ‘सुविधा’ केंद्र सुरू झाले. तेथे शौचालय, स्नानगृह, कपडे धुण्याची यंत्रे आणि पिण्याचे पाणी शुल्क घेऊन उपलब्ध होते. अशा केंद्राजवळ राहणाऱ्या कुटुंबासाठी रोख रक्कम जे करू शकते ते केंद्र नसलेल्या वस्तीत करू शकत नाही. त्यामुळे दोन वस्त्यांचे निकाल एकत्र करून काढलेली सरासरी दोघींपैकी कोणाचेच वर्णन करत नाही.

आजारांवरून निष्कर्ष

अनेक कार्यक्रम अंतिम परिणाम म्हणून अतिसाराचे प्रमाण मोजतात. सर्वसाधारणपणे पाच वर्षांखालील मुलांना गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का, असे विचारले जाते. अल्पकालीन रोख साहाय्यात या निर्देशकावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. मुंबईत गॅस्ट्रो, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे प्रमाण पावसाळ्यात वाढते. जूनच्या आरंभी पहिली पाहणी आणि ऑगस्टमध्ये दुसरी केल्यास चांगला कार्यक्रमही अपयशी दिसेल. जुलैत पहिली आणि डिसेंबरमध्ये दुसरी केल्यास काहीही न करता यश मिळेल. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग तर साचलेल्या दूषित पाण्यातून चालल्याने होतो. घरातल्या पाण्याची गुणवत्ता सुधारली तरी तो कमी होण्याचे कारण नाही.

बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील मोठ्या चाचण्यांतही घरगुती पाणी-स्वच्छता उपायांचे आरोग्यावरील परिणाम अपेक्षेपेक्षा कमी व असमान निघाले. २०१८ पासून प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी, घराच्या उंबऱ्याआत केलेला बदल परिसरातील मैला व सांडपाणी यांच्यापुढे अपुरा पडतो का, या चर्चेस चालना दिली. उपनगरातील दाट वस्तीत, जेथे जलवाहिनी अनेक ठिकाणी गटारातूनच जाते, हा प्रश्न अधिक टोकदार आहे.

नोंदीची पद्धत आणि मर्यादा

राज्यातील पूरमदतीत कुटुंबाच्या स्थितीची पहिली लेखी नोंद पंचनाम्यात होते. उपनगरात तो तहसीलदार कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांकडून केला जातो. पंचनाम्याचा हेतू नुकसान ठरवणे हा असून त्याचा भर घर व साहित्यावर असतो. कुटुंब कोठून पाणी भरते, साठवणीची भांडी वाहून गेली का, शौचालय चालू आहे का, हे तीन प्रश्न त्याच वेळी विचारले गेले तर पुढील तुलनेसाठी आधाररेषा विनाखर्च मिळू शकते. एरवी साहाय्यानंतर काही आठवड्यांनी येणारा सर्वेक्षक कुटुंबाला पुरापूर्वीची स्थिती आठवायला सांगतो आणि आठवण नंतरच्या हालांनी रंगलेली असते.

तुलनागटाचा प्रश्न अधिक कठीण आहे. गरजू कुटुंबास केवळ तुलनेसाठी मदतीपासून वंचित ठेवणे अनुचित मानले जाते. टप्प्याटप्प्याने वाटप होत असेल तर नंतरच्या टप्प्यातील कुटुंबांशी तुलना करता येते. ती करताना दोन्ही गटांची पाणी मिळण्याची व्यवस्था सारखी आहे, म्हणजे दोन्हींकडे जोडणी आहे किंवा दोन्हींकडे नाही, एवढे तरी पाहावे लागते. नाहीतर रकमेचा म्हणून नोंदवलेला फरक प्रत्यक्षात वाहिनीचा असतो. भाडेकरू कुटुंबे हा यातला नेहमी निसटणारा गट. पंचनाम्यात व खात्यावर घरमालकाचे नाव असते, पाणी मात्र भाडेकरू विकत घेत असतो, आणि पाहणीचा नमुना लाभार्थ्यांच्या यादीतून काढला तर हे घर त्यात येतच नाही.